मारव्याची वीस मिनिटं

माझ्या हातात माईक देऊ नये, हे माझ्या बायकोला लग्नानंतर पंधरा दिवसांत कळलं. सॉल्ट लेकमधल्या आमच्या ब्लॉकच्या कमिटीला ते तीन वर्षांत कळलेलं नाही. ती मंडळी मला बोलावून माईक देतात, वर गळ्यात उत्तरीय घालतात. मग मीही त्यांना निराश करत नाही.

मी बँकेतला माणूस. नागपूर, भोपाळ, गुवाहाटी असं करत करत बदलीवर कोलकात्याला आलो. प्रत्येक गावात महिन्याभरात मी माझं व्यासपीठ शोधून काढलं. गणपती असो, स्नेहमेळावा असो, कुणाचा निरोप समारंभ असो, सूत्रसंचालनाला मी. प्रत्येक गावात बायकोनं काय केलं? सामानातून तंबोरा काढला, जुळवला, आणि परत गवसणीत घातला.

ती सांगलीला एका बाईंकडे अकरा वर्षं गाणं शिकली. बाई कडक. राग ज्याच्या त्याच्या वेळेला, त्यात सवलत नाही. मारवा तिच्याकडून घोटून घेतला आणि वर सांगितलं, की तुझा मारवा लोकांसमोर व्हायला हवा, पण तो सूर्य बुडताना. दिवे लागल्यावर नाही. आता सूर्य बुडताना कोणतं सभागृह उघडं असतं? मैफली सुरू होतात रात्री आठला. बाई गेल्या, अठ्ठावीस वर्षं गेली, आणि तिचा मारवा घराबाहेर पडलाच नाही.

आमच्या ब्लॉकच्या बागेत जानेवारीत एका रविवारी गाण्याचा कार्यक्रम असतो. फुकट, सगळ्या घरांसाठी. चार वाजता सुरू होतो, कारण मुलांना आणि म्हाताऱ्यांना गारठ्याच्या आत घरी पोचवायचं असतं. गवतावर सतरंज्या, मागे खुर्च्या, बाजूला घुगनीची, म्हणजे वाटाण्याच्या उसळीची, आणि चहाची टेबलं. गेल्या खेपेला कमिटीचे सेक्रेटरी, निवृत्त इंजिनियर, मला सूत्रसंचालनाचं सांगायला घरी आले. आत बायको गात होती. ते दारातच थबकले.

"बौदी गाती हैं? दादा, आपने कभी बताया नहीं!"

बौदी म्हणजे वहिनी. आणि खरंच, मी कधी सांगितलं नव्हतं. तीन वर्षांत या गृहस्थांना मी माझे सगळे किस्से दोनदोनदा ऐकवले होते, आणि हे सांगायचं राहिलं होतं.

तिचं गाणं ठरलं. पुढचा महिनाभर ती रोज पावणेपाचला गच्चीवर जाऊन उभी राहायची, हातात घड्याळ. कोलकात्यात संध्याकाळ पुण्यामुंबईसारखी रेंगाळत नाही. हिवाळ्यात पाचच्या सुमाराला सूर्य इमारतींमागे जातो आणि बघता बघता सगळं आटपतं. तिनं हिशेब केला, पाचला दहा कमी असताना सुरू करायचं, वीस मिनिटं गायचं. जास्त नकोच. साथीला बेहाल्याहून एक वयस्क तबलजी मिळाले. दर शनिवारी तबल्याची पिशवी सांभाळत दोन बस बदलून यायचे, चहाला साखर नको म्हणायचे आणि एक शब्द न बोलता वाजवायचे. मला ते फारसे आवडले नाहीत. माझ्या विनोदांना हसत नसत.

आदल्या दिवशी ती मला म्हणाली, "अहो, एकच मागते. माझी ओळख दोन वाक्यांत करा. नाव, गुरू, राग. बस."

"ही तीन झाली."

"बघा. सुरू झालात."

रविवारी मी रेशमी झब्बा घातला. ती पांढऱ्या साडीत, वर शाल. मुलांचं समूहगान झालं, टाळ्या झाल्या, पावणेपाचला ती आणि तबलजी मंचावर येऊन बसले. मारव्यात पंचम नसतो, म्हणून तिनं तंबोऱ्याची पहिली तार निषादाला लावून ठेवली होती. सगळं तयार. तेवढ्यात सेक्रेटरी मंचाच्या कडेला धावत आले. प्रमुख पाहुणे बायपासवर अडकलेत. गाण्याआधी कलाकाराला उत्तरीय त्यांच्याच हातून घालायचंय, पत्रिकेत छापलंय.

"दादा, पाँच मिनट संभाल लीजिए।"

मला? संभाल लीजिए? अहो, सांभाळायला सांगताय कुणाला!

मी माझा हुकमी किस्सा काढला. म्हटलं, बागबाजारला तुमच्या पूर्वजांनी एक खंदक खणायला घेतला होता. कशासाठी? मराठ्यांच्या, म्हणजे तुमच्या भाषेत बर्गींच्या भीतीनं. तुमच्या आयांनी तुम्हाला बर्गी येईल म्हणून झोपवलं. आणि आज तुम्ही त्याच बर्गीला फ्लॅट भाड्यानं दिलात, माईक दिलात, घुगनी दिलीत! खंदकाचं काय झालं मग? अर्धाच राहिला. कारण मधे जेवणाची सुट्टी झाली असणार! सतरंज्या हसून लोळल्या. मग मी घोड्यावरून येणारा बर्गी करून दाखवला, जो चौथाई मागायला येतो आणि बाजारात इलिश माशाचा भाव ऐकून तसाच परत फिरतो. पहिल्या रांगेतल्या एक आजी शालीच्या टोकानं डोळे पुसायला लागल्या. मुलं मंचाला येऊन चिकटली. माझी मोडकी बांगला, मोडकी हिंदी, सगळं त्या दिवशी तरंगत होतं. इतकी वर्षं बोलतोय, पण असं जमून आलं नव्हतं.

पाचला चारपाच मिनिटं असताना सेक्रेटरी खालून हातवारे करू लागले. पाहुणे येत नाहीत, माघारी गेले, सुरू करा. मी मान हलवली. पण मी तेव्हा गोष्टीच्या मध्यावर होतो, आणि गोष्ट अर्धी टाकणारा माणूस मी नव्हे. ती संपवली. हशा असा आला, की त्यावर दुसरी सांगणं भागच होतं. दुसरीला तिसरी आपोआप जोडली गेली.

मग बागेतले दिवे लागले. सगळे एकदम, पांढरेफटक. मुलं दिवे लागल्यावर ओरडतात तशी ओरडली. त्यावरही मी काहीतरी बोललो. तेही पिकलं.

मग मी वळलो आणि तिची ओळख करून दिली. दोनच वाक्यांत, शपथेवर सांगतो. टाळ्या वाजल्या. ती गायला लागेना. मी वाकलो. तिनं समोरचा माईक बाजूला केला.

"वेळ गेली," ती म्हणाली.

"अगं, सव्वापाच तर झालेत."

"वर बघा."

बघितलं. दिव्यांमुळे वर काळंच दिसत होतं. इतक्या उजेडात एखादी चांदणीही दिसत नव्हती.

सेक्रेटरी मंचावर चढले. बँडवाले आलेत, सहाला त्यांचं आहे, बौदींनी मारवा नसेल तर दुसरं काहीही म्हणावं, सिनेमातलं चालेल, सगळ्यांना येणारं. "बच्चे भी साथ में गाएँगे!" तिनं तबलजींकडे पाहिलं. ते म्हणाले, "दादरा?" तिनं मान हलवली. मग तिला तंबोरा परत जुळवावा लागला, निषादाची तार पंचमावर. चारशे माणसांसमोर अर्धं मिनिट ती खुंटी पिळत होती आणि तार कण्हत होती. एवढा वेळ मंच रिकामा राहिलेला मला सहन होत नाही. मी माईककडे एक पाऊल टाकलं. तबलजींनी माझ्याकडे पाहिलं. मी ते पाऊल मागे घेतलं.

तिनं दोन कडवी म्हटली. हसतमुखानं म्हटली. लोकांनी ताल धरला, मुलं बरोबर गायली, आजींनी "की शुंदॉर!" म्हटलं. पाच मिनिटांत ती मंचावरून खाली उतरली होती.

तबलजी पिशवी बांधत होते. मी जवळ जाऊन म्हटलं, "माफ कीजिए, थोड़ी देर हो गई।"

पिशवीची दोरी दातात धरून त्यांनी गाठ मारली. मग म्हणाले, "आप बहुत अच्छा बोलता है, दादा। अगला बार हमको मत बुलाइए, आपका साथ में तबला का ज़रूरत नहीं।"

इतक्या दिवसांत ते माझ्याशी एवढंच बोलले.

घरी आल्यावर मी माफी मागितली. मनापासून मागितली, आणि तीही बहुधा वीसेक मिनिटं चालली. तिनं शाल घडी करून ठेवली, तंबोऱ्याची गवसणी बांधली, आणि विचारलं, "झालं?"

झालं, म्हटलं.

रात्रीच्या आत ब्लॉकच्या ग्रुपवर व्हिडिओ आला. खाली मजकूर: सर्वांच्या लाडक्या दादांनी कार्यक्रम जिवंत ठेवला, आणि बौदींच्या उपस्थितीनं शोभा आली. उपस्थितीनं! मी चिडलो, बायकोला वाचून दाखवणार होतो, मग सुचलं की आधी व्हिडिओ पाहावा. पाहिला. खरं सांगायचं तर माझ्यासाठी पाहिला. इलिशवाला भाग दोनदा पाहिला.

दुसऱ्या वेळी माझ्या खांद्यामागे ती दिसली. मांडीवर तंबोरा, नजर इमारतींच्या वर. बर्गी घोड्यावर बसतो तेव्हा आभाळ नारिंगी आहे. तो बाजारात शिरतो तेव्हा ती हात जरासा उचलते, माझ्या दिशेनं. आभाळ जांभळं होतं. ती परत हात उचलते, या वेळी जरा उंच. मग तंबोरा आडवा ठेवते. लोक हसतायत.

पहिला हात मला दिसला नव्हता. दुसरा दिसला होता. मी तेव्हा अर्धवट वळलेलो आहे, व्हिडिओत स्पष्ट आहे. दिसला, आणि मी तिसरी गोष्ट सुरू केली. आजवर हे मी कुणाला सांगितलेलं नाही, तिलाही नाही. तिला सांगायची गरज नाही. ती मागेच बसली होती.

त्यानंतर घरात गाणं ऐकू येईनासं झालं. मला वाटलं, सोडलं तिनं. बँकेतून मी सातला घरी येतो, तोवर कुकर लागलेला असतो आणि तंबोरा कोपऱ्यात गवसणीत. मी विचारलंही नाही. विचारलं असतं तर बोलावं लागलं असतं, आणि बोलण्यावरची माझी श्रद्धा त्या वर्षी जरा कमी झाली होती. मग नोव्हेंबरात तळमजल्यावरच्या काकू जिन्यात भेटल्या.

"तुमची बायको काय गाते हो रोज पाचला! मी टीव्ही बंद करते. पण तुम्ही कुठे असता त्या वेळी?"

मी कुठे असतो त्या वेळी? कर्जाच्या फायलींवर सह्या करत असतो.

डिसेंबरात एक दिवस मी अर्धी रजा घेतली. कुणाला सांगितलं नाही. साडेचारला इमारतीत शिरलो आणि दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यामधल्या पायरीवर बूट काढून बसलो. पाचला दहा कमी असताना वरून तंबोरा आला आणि मग तिचा आवाज.

मला गाण्यातलं कळतं, असं मी चारचौघांत म्हणतो. कळत नाही. पण ती षड्जाजवळ येत होती आणि बसत नव्हती, इतकं कळलं. येऊन टेकेल असं वाटायचं, आणि ती कोमल रिषभावर थांबून परत फिरायची. जिन्यातल्या जाळीतून भिंतीवर पडलेला उजेड विटकरी झाला, मग तांबूस. अठ्ठावीस वर्षं या बाईबरोबर राहिलो आणि हा आवाज मी ऐकलेलाच नव्हता. मी हललो नाही. खोकला आला तो गिळला. माझ्या आयुष्यातली ती सर्वांत लांब गप्प बसण्याची वेळ असावी.

खालून पावलं वाजली. सेक्रेटरी वर येत होते, हातात वही.

"आरे दादा! आप इधर? आपके पास ही आ रहा था। इस साल भी आप ही, हाँ?"

तोंडावर बोट ठेवायचं होतं. शपथेवर सांगतो, हात अर्धा वर आलाही होता. पण तोंड त्याआधी उघडलं, आणि माईकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत पोचणाऱ्या माझ्या त्या आवाजात मी म्हणालो, "अरे, या या! बर्गी हाजिर है!"

वरचा सूर मधेच थांबला.

दार उघडलं. तिनं कठड्यावरून खाली वाकून पाहिलं, मला, माझ्या हातातल्या बुटांना, सेक्रेटरींना.

"या ना," ती म्हणाली, "चहा टाकते."

बाहेर अजून उजेड होता.