अंगरख्यामागची हिरवी चिंधी

ईशान आणि तन्वी,

मागच्या गणपतीत तुमची आजी तुमच्या आजोबांना शिवली गेली होती.

(हे वाक्य मी पुन्हा तपासलं. बरोबर आहे.)

आत्ताच लिहायचं कारण असं की, तुमच्या शाळेत जुन्या काळचे पोशाख घालायचा दिवस आहे आणि तुमच्या आईनं आजोबांचा अंगरखा मागवला आहे. उद्या तो पार्सलनं निघेल. उघडलात की मागच्या घेराला आतून एक हिरवी चिंधी लोंबताना दिसेल. ती कापू नका. तिची हकीकत सांगते.

तुमचे आजोबा नांदेडच्या रेल्वे कचेरीतून निवृत्त झाले आणि बोलायचेच थांबले. तसे ते आधीही फार बोलके नव्हते. आमच्या लग्नात, लातूरला, माझ्या मावश्यांनी "नाव घ्या, नाव घ्या" म्हणून त्यांना वेढा घातला, तर हे हातात जिलबीचा घास धरून असे थिजले की शेवटी जिलबी वाळली! नाव काही आलं नाही. पण निवृत्तीनंतर मात्र नुसते खिडकीशी बसून येणाऱ्या-जाणाऱ्या रिक्षा बघायचे. मला ते बघवत नसे. म्हणून कॉलनीच्या ऐतिहासिक नाटकात त्यांना म्हाताऱ्या सरदाराचं काम मिळालं, तेव्हा मी देवापुढं साखर ठेवली. एकच भाषण होतं. फ्रिजसमोर उभं राहून ते रोज म्हणत. भूक वाढली, चेहरा खुलला. फक्त एक घोर होता.

"अगं, ऐनवेळी आठवलंच नाही तर?"

"तुम्ही नुसते उभे राहा. बाकीचं अंगरखा बघेल."

नाटक बसवराजअप्पांनी बसवलं होतं. मूळचे उदगीरचे, कोपऱ्यावर त्यांचं किराणा दुकान. माईक त्यांचा, म्हणून दिग्दर्शकही तेच.

"मॅडम, ड्रेस भाड्यानं आणू की. लई झकास मिळतो."

"त्याला मागं चेन असते, अप्पा. सरदाराच्या पाठीवर चेन?"

"मागं कोण बघून राहिलंय?"

"मी!"

जन्मभर इंग्रजी शिकवल्यामुळे चूक दिसली की लाल खूण केल्याशिवाय मला अन्न गोड लागत नाही. मी जाहीर केलं: बटण नाही, चेन नाही, मशीनची टीप नाही. त्या काळी जे नव्हतं, ते या अंगरख्यात असणार नाही! निमुळत्या तुकड्यांच्या कळ्या जोडून घेर केला. काखेत चौकोनी तुकडा घातला, म्हणजे सरदारानं हात उगारला तरी काही फाटायचं नाही. छातीवर बांधायला बंद, गळ्याला साखळी टाक्याची वेल. सगळं हातानं, आणि दोरा दुहेरी, मेणावरून ओढलेला. अस्तराला माझी जुनी हिरवी साडी फाडली. "माझा टाका उसवत नाही," असं कॉलनीभर सांगत फिरले. (हे लक्षात ठेवा.)

प्रयोगाच्या संध्याकाळी अंगरखा चढवला, तर मागचा घेर जमिनीवर लोळायला लागला. पाय अडकून सरदारांनी एकदा लोटांगणही घातलं!

"काढू का गं?"

"नको, पुन्हा बंद बांधण्यात वेळ जाईल. हलू नका."

मंडपामागं मी स्टुलावर बसले, घेर मांडीवर ओढला, आत दुमडला आणि भराभर टाके घातले. अस्तर हिरवं. अंगावरची साडी हिरवी, कारण मला जोडीनं शोभून दिसायचं होतं! पक्की गाठ मारली, दोरा कापला, शिवणाचा डबा बंद केला आणि शेजारच्या मंदाकाकूंबरोबर लगेच घरी पाठवला. काम झालं की आवरायचं, ही माझी शिस्त तुम्हाला ठाऊक आहे. कात्री डब्यात.

घंटा झाली. आजोबा निघाले. मीही निघाले!

"अगं, ओढतेस कशाला?"

"मी कुठं? तुम्हीच ओढताय!"

अप्पा धावत आले, वाकून बघितलं. "आयाया! मॅडम, पदरच शिवला की ओ तुम्ही!"

"कात्री आणा!"

"कुठून आणू? पडदा उघडून राहिला!" त्यांनी दातानं तोडून बघितलं. दात हलला, दोरा हलला नाही. "लई पक्कं शिवलंय, मॅडम," ते गाल धरून म्हणाले. माझ्या हातकामाचं इतकं अवेळी कौतुक कधी झालं नव्हतं! मग त्यांनी माझ्या हातात एक पुठ्ठा कोंबला. "आता तुम्ही दासी. नुस्ता पंखा हलवा. बोलू नका."

अशी मी दरबारात शिरले, सरदारांच्या मागं, पदराच्या अंतरावर. पहिल्या रांगेत माझेच जुने विद्यार्थी मुलाबाळांसह बसलेले. "अरे, मॅडम! मॅडम दासी झाल्या!" पुठ्ठ्यावर बिस्किटाचं रंगीत चित्र होतं. त्या काळी जे नव्हतं, ते मी स्वतःच्या हातानं हलवत होते!

आणि आजोबा थिजले. तेच थिजणं. मला वाळलेली जिलबी दिसली. मी भाषणाची पहिली ओळ कुजबुजले, पण फेटा कानावर आलेला. शेवटी पदराला हिसका दिला. ते वळले. मला बघितलं, बिस्किटाला बघितलं, लोकांकडे तोंड केलं आणि खणखणीत आवाजात म्हणाले,

"नांदेड ते लातूर, रुळांची जोडी,
सुलभाच्या सोबतीनं संसाराला गोडी!"

लगेच मागून आवाज आला, "सरदार, तवा रेल्वे होती का ओ?"

"आन् दासीचं नाव घेऊन राहिले की!"

लोक असे हसले की मंडपाचे बांबू हलले. आजोबाही हसले. हसता हसता जीभ सुटली आणि सगळं भाषण आलं, एक शब्द न गाळता! (वन्स मोअर मात्र उखाण्यालाच मिळाला.) चेन नको म्हणणाऱ्या बाईच्या नवऱ्यानं दरबारात आख्खी रेल्वे आणली, आणि मला लाल खूण करावीशी वाटली नाही.

आत आल्यावर ते म्हणाले, "तू मागं होतीस म्हणून जमलं."

"जाणार कुठं होते?"

मंदाकाकूंनी कात्री आणली. टाके उसवायला माझं मन होईना, म्हणून सभोवतीचा पदरच कापला. त्या दिवसापासून आजोबा बोलतात. दूधवाल्याशी, रिक्षावाल्याशी, फोनवर तुमच्याशी. इतकं बोलतात की कधीकधी मीच खिडकीशी जाऊन बसते. पण मनातून मी त्या दोऱ्याचे, मेणाचे आणि अप्पांच्या दाताचे आभार मानते. अप्पांना अधूनमधून मऊ शिरा पाठवते.

आता अंगरख्याची आजची स्थिती. गळ्याची वेल सुटली आहे, एक बंद निघाला आहे, काखेतला तुकडा उसवला आहे. आईला सेफ्टी पिना लावायला सांगा. नीट उजेडात, मापून, विचार करून घातलेले माझे टाके एकेक करून गेले. पदराचे तेवढे सगळे शाबूत आहेत.