तांबड्या शाईचा आकडा

ओले कुंकू कागदावर वाळते तेव्हा त्याला एक वास येतो. हळदीचा, चुन्याचा आणि अगदी किंचित, पोतेरे घातलेल्या भिंतीचा. देवापुढचा वास, तो मंगलच वाटायला हवा. पण मला तो पहिल्यांदा खरा कळला तो हैदराबादेतल्या एका कॉलेजच्या कचेरीत, छताच्या पंख्याच्या दोरीची करकर ऐकत उभा असताना. तेव्हापासून तो वास आला की मी दोन पावले मागे सरतो. असे का व्हावे? मांगल्याचीही माणसाला भीती वाटावी, हे किती विपरीत!

आमच्या घरात शाळेत गेलेला मी पहिला. आमचे घर उमापूरचे, पण ‘घर’ म्हणायचे ते चार महिन्यांचे; उरलेले आठ महिने बा आणि चुलते मेंढरांमागे गोदेच्या काठाकाठाने हिंडत असत. मला एका सोयऱ्याकडे बीडला ठेवले होते. तिथल्या हायस्कुलात मी उर्दू शिकलो, फारसीची चार पुस्तके शिकलो, बादशहांच्या सनावळ्या पाठ केल्या आणि मॅट्रिकला बसलो. गणित तेवढे मला कधी आपले वाटले नाही. हौदाला दोन नळ, एक भरणारा आणि एक रिकामा करणारा. हौद केव्हा भरेल? मी मनात म्हणायचो, आधी तो दुसरा नळ बंद का करत नाहीत? आमच्या गावात नळ पाहिला होता कुणी? पण ही सबब झाली. मला अपूर्णांक येत नव्हते, हे खरे.

निकाल लागला. नंबरांचा कागद हाती आला. उर्दूत, फारसीत, तवारिखेत म्हणजे इतिहासात, मराठीत माझे नंबर हेडमास्तरांनी मान डोलवावी इतके होते. गणितात मात्र शंभरात बत्तीस. पास व्हायला तेहतीस लागत. बाकीच्या विषयांच्या जोरावर मला वर ओढून घेतले होते, आणि त्या एका आकड्याची नोंद तांबड्या शाईने केली होती. सगळा कागद काळा, आणि त्यात तो एकच तांबडा! हेडमास्तरांनी चष्मा पुसत सांगितले, “कॉलेजवाले निवडून पोरं घेतात, बाबा. जागा थोड्या असतात. त्यांची नजर आधी तांबड्यावर जाते, मग काळ्यावर. विचारतील ते खरं सांग.”

नजर उण्याकडेच का जाते, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. बा संध्याकाळी वाघुरीच्या, म्हणजे जाळीच्या कुंपणाच्या, तोंडाशी उभा राहून मेंढरे आत घेतो, तेव्हा तोही आत आलेल्यांकडे पाहत नाही, न आलेल्याकडे पाहतो. पण बा त्या न आलेल्या मेंढराच्या शोधात निघतो. परीक्षा घेणारे निघतात का? मला ठाऊक नाही. त्यांच्यावर मी कशाला रागावू!

कागद घेऊन मी उमापूरला गेलो तेव्हा माय चुलीपुढे होती. तिने हात धुतले, पदराला पुसले, कागद दोन्ही हातांनी घेतला आणि उजेडात धरला. तिला एक अक्षर येत नाही. पण तिने तो वरपासून खालपर्यंत असा पाहिला की मलाच वाटले, तिला वाचता येते.

“ह्यो एकलाच तांबडा कावून रं?”

बाहेर बकरे ओरडत होते, मी तिकडे पाहिले.

“मान असंल त्येचा,” तीच म्हणाली. “बाकी समदे काळे आन् ह्यो एक कुंकवाचा. लई मोठा नंबर हाय का?”

“हाय... तसाच हाय,” मी म्हणालो.

एवढेच. चार शब्दसुद्धा नव्हेत ते. मी खोटे बोललो नाही, असे मी वाटेत स्वतःला कितीदा समजावले असेल!

आमच्याकडे कुठलाही नवा कागद घरात आला की त्याला कुंकू लागते. जमिनीचा असो, सोयरिकीचा असो, सरकारचा असो. चार कोपऱ्यांना चार बोटे. मी निघालो त्या सकाळी मायने तो कागद घोंगडीत गुंडाळून बांधून दिला. वाटेत उघडू नको म्हणाली, भिजंल. गेवराईहून बैलगाडीने गोदा उतरून जालना, जालन्याहून रेल. तीन दिवस तो कागद माझ्या उशाला होता, आणि मी तो उघडला नाही. तिने बजावले होते म्हणून? की तो आकडा मलाच पाहायचा नव्हता म्हणून?

कचेरीत कागद तपासणाऱ्या मुन्शीजींनीच घोंगडी सोडवली. चारही कोपऱ्यांना काही नव्हते. मायने सगळे कुंकू एकाच ठिकाणी लावले होते. जिथे तांबडा आकडा होता, बरोबर तिथे, अंगठ्याएवढा, घोंगडीत दमट राहिलेला ठसा, आणि त्यावर दोन तांदूळ चिकटलेले. शाई आणि कुंकू एकमेकांत उतरली होती. खालचे काही दिसत नव्हते.

“ये क्या लगाके लाये, मियाँ?” मुन्शीजींनी कागद नाकाशी नेला. “नंबर छुपाने का नया तरीका निकाले!”

रांगेत उभी असलेली पोरे पुढे झुकली. बऱ्या घरची पोरे, इस्त्रीच्या शेरवानीतली. एकजण म्हणाला, “अरे भाई, इसको हार भी पहनाओ!” आणि सगळे हसले. मी टेबलाची कड धरली होती. मला लाज वाटायला हवी होती, राग यायला हवा होता. दोन्हींपैकी काही आले नाही. मी नुसता त्या ठशाकडे पाहत होतो. मायने हे केले? तिने मुद्दाम तोच आकडा शोधला?

मला प्रिन्सिपल साहेबांपुढे उभे केले. म्हातारे गृहस्थ, बोलणे हळू. त्यांनी कागद उलटा करून खिडकीच्या उजेडात धरला, तरी काही दिसेना. मग विचारले, “याखाली काय होतं?”

मी तेव्हा काहीही सांगू शकलो असतो. बेचाळीस म्हणालो असतो, बावन्न म्हणालो असतो. बीड दूर होते. माझे सगळे आयुष्य त्या एका ठशाखाली झाकलेले होते आणि ते मला हवे तसे सांगता आले असते. जीभ वळली ती मात्र खऱ्याकडे. ती धीटपणाने वळली असे म्हणवत नाही. मला दुसरे काही सुचलेच नाही.

“बत्तीस,” मी म्हणालो. “गणितात.”

“लावलं कुणी?”

“मायने. तिला वाचता येत नाही. तांबडा म्हणजे मानाचा, असं तिला वाटलं.”

मुन्शीजी हसणार होते. साहेबांनी हात वर केला. मग ते म्हणाले, “हा नंबर कमी आहे, हे तुम्ही त्यांना सांगितलं होतं?”

त्या प्रश्नाची मी तयारी केली नव्हती. नळांची, हौदांची, बादशहांची केली होती. मी ‘नाही’ म्हणालो, आणि म्हणता म्हणता मला धक्का बसला तो असा की अजून तो उतरलेला नाही. मुन्शीजी खरेच बोलले होते! नंबर लपवला गेला होता. फक्त तो मायने लपवला नव्हता. तिने जे खरे मानले त्याची पूजा केली. झाकले ते मी, चुलीपुढे उभे राहून, बकऱ्याकडे पाहत. माझी लाज मी तिच्या बोटावर ठेवली आणि तिने ती भक्तीने कागदाला लावली.

साहेबांनी बीडच्या शाळेला पत्र घातले. यादी लागली, तीत माझे नाव नव्हते. दहा दिवस मी एका मशिदीजवळच्या सराईत काढले आणि रोज कचेरीच्या पायरीवर जाऊन बसलो. शाळेचे उत्तर आले, बत्तीस. साहेबांनी मला बोलावून सरळ सांगितले, की बत्तीसमुळे मी यादीच्या अगदी काठावर राहिलो, पण खोटे बोललो असतो तर कायमचा बाहेर गेलो असतो. आता एक पोरगा आला नाही म्हणून शेवटची जागा माझी. मात्र पहिल्या सहामाहीत गणितात पास झालो नाही तर नाव कमी होईल. मी मान हलवली. आनंद झाला का? झाला असावा.

दिवाळीत घरी गेलो. सहामाही पुढच्याच महिन्यात होती. माय शेंगा फोडत बसली होती. माझ्या पिशवीतली गणिताची वही पाहून तिने विचारले, “त्या तांबड्या नंबरानंच काम केलं न्हवं?”

पुन्हा बाहेर पाहता आले असते. मी तिच्यासमोर बसलो आणि सांगितले. तो आकडा सगळ्यांत कमी होता. तांबडी शाई उण्याची असते. कचेरीत पोरे हसली, जागा जाता जाता राहिली, आणि अजूनही ती माझी झाली नाही. तिचा हात शेंगेवर थांबला. मला वाटले, आता ही पुन्हा कधी कुठल्या कागदाला हात लावणार नाही. आता हिच्या मनातला माझा सगळा अभिमान विझला.

“आदी कावून न्हाई सांगितलंस?” ती म्हणाली. तिचा आवाज दुखावलेला होता, पण त्यात लाज कुठेच नव्हती.

मी वही पिशवीतून काढून दोघांमध्ये ठेवली.

तिने शेंग फोडली, दाणे माझ्या तळहातावर ठेवले आणि वही माझ्याकडे सरकवली. “तवाच बोलला असतास,” ती म्हणाली, “तर उणा म्हून त्येला आनखी दोन बोटं लावली असती.”