ऑपरेटर दोन, यजमान एक

पिरंगुटच्या शाळेत मी विज्ञान शिकवते. एका विज्ञान दिनाला मुख्याध्यापकांनी पुण्याहून एक निवृत्त इंजिनीअर बोलावले होते. त्यांनी टेबलावर रेडिओ मांडला, खिडकीतून वायर काढून समोरच्या गुलमोहराला बांधली आणि मुलांसमोर श्रीलंकेतल्या कुणा माणसाशी बोलून दाखवलं. मोबाइल नाही, इंटरनेट नाही, फक्त ती वायर. मुलं अर्ध्या तासात कंटाळून पांगली. मी तासाची घंटा होऊन गेली तरी उभीच.

त्या सरांनीच मला पुस्तकं दिली, परवान्याच्या परीक्षेला बसवलं. परवाना आला, मला माझं स्वतःचं कॉल साइन मिळालं, म्हणजे हवेतलं नाव. सरांनी त्यांचा जुना सेट मला देऊन टाकला, फुकट. हे आधीच सांगून टाकते. पुढे जे लिहिणार आहे ते याच माणसाविषयी आहे, आणि त्याने जे दिलं ते लपवून लिहिलं तर त्याच्यात नि माझ्यात फरक उरायचा नाही.

आमचं घर माले गावात. घरामागे आमच्याच मालकीचं टेकाड आहे, वरती नुसता कातळ आणि करवंदीच्या जाळ्या. सर एकदा घरी आले, सेट घेऊन वर चढले, कानाला हेडफोन लावून बराच वेळ ऐकत बसले. मग म्हणाले, "ताई, पुण्यात माझ्या गच्चीवर नुसती खरखर असते. इथे काहीच नाही. इथून स्पर्धा करायला पाहिजे."

स्पर्धा म्हणजे शनिवारी पहाटेपासून सोमवारी पहाटेपर्यंत अठ्ठेचाळीस तास, जगभरातल्या जास्तीत जास्त लोकांशी संपर्क साधायचा. गप्पा नाहीत. त्याने त्याचा नंबर सांगायचा, आपण आपला सांगायचा, लिहून घ्यायचं, पुढचा. टीम म्हणून उतरलं की सगळे एकाच कॉल साइनवर, पाळीपाळीने बसतात. शेवटी लॉग, म्हणजे संपर्कांची यादी पाठवायची, आणि तिच्या डोक्यावर ऑपरेटर कोण कोण होते ते लिहायचं.

टीममध्ये आम्ही तिघं झालो. सर, मी आणि हिंजवडीत सॉफ्टवेअरचं काम करणारा एक तरुण. तो मोर्समध्ये, म्हणजे टिंब-रेघांच्या सांकेतिक भाषेत, तरबेज होता. हात असा चालायचा की त्या कडकट्टातून गाणं ऐकू यावं.

पहिली स्पर्धा आवाजी होती, ऑक्टोबर अखेरीची. त्यात मला सगळ्यात जास्त वेळ बसवलं गेलं, आणि का बसवलं हे सरांनी लपवलंही नाही. "बाईचा आवाज आला की लोक थांबतात, ताई. तुमचा आवाज म्हणजे आपलं हत्यार." मला तेव्हा ते कौतुकच वाटलं. खरंच लोक थांबायचे. एकाच वेळी वीस-वीस जण मला हाका मारायचे, त्यातून एकेकाचं नाव वेगळं काढायचं. पाळी संपली की मी खाली घरात उतरून पिठलं-भाकरी टाकायची. ते दोघं त्यांची पाळी संपली की आडवे व्हायचे. हेही मला तेव्हा खटकलं नाही. पाहुणे आपल्या घरी, मग स्वयंपाक कोण करणार?

महिन्याभराने मोर्सची स्पर्धा होती. मी सरांना फोन केला, "मोर्सला मला कोणती पाळी?"

सर हसले. "अहो ताई, मोर्समध्ये बाईचा आवाज कुठे असतो?"

मीही हसले. त्या हसण्याचा मला आजही राग येतो, माझ्या. दीड वर्ष मी मोर्स शिकत होते. माले ते पिरंगुट एसटीत जाता-येता कानात इअरफोन घालून, डोळे मिटून. शेजारच्या बायकांना वाटायचं मी झोपते. वेग सरांपेक्षा जास्त झाला होता हे मला माहीत होतं, कारण सरांसोबत सराव करताना मला त्यांच्यासाठी थांबावं लागायचं. पण हे मी कधी बोलून दाखवलं नव्हतं. सेट त्यांनी दिलेला, परीक्षेला त्यांनी बसवलेलं. कोणत्या तोंडाने म्हणणार की सर, तुम्ही हळू आहात?

स्पर्धा सुरू झाली. शनिवारभर मी चहा, जेवण, जनरेटरचं डिझेल एवढंच पाहिलं. रविवारी सकाळी दहाच्या सुमाराला अँटेनाचा एक दोर खांबाच्या टोकाला अडकला. तरुण वर चढला. खांबाच्या नळीत गांधीलमाश्यांनी घर केलं होतं. तो अर्ध्यावरून ओरडत उतरला तोवर उजवा हात, मान, कान सगळीकडे डंख. पाच मिनिटांत हात वांग्यासारखा सुजला आणि त्याला धाप लागायला लागली.

सरांनी गाडी काढली. "पौडला नेतो दवाखान्यात. ताई, सेट बंद करून ठेवा. आल्यावर बघू."

गाडी वळणावरून दिसेनाशी झाली. टेकाडावरच्या तंबूत सेट चालूच होता, स्पीकरवर कुणीतरी आमचं कॉल साइन पुन्हा पुन्हा पाठवत होता. बंद कर म्हणून सांगितलेलं होतं. मी खुर्चीवर बसले आणि त्याला उत्तर दिलं.

पहिली दहा मिनिटं प्रत्येक नंबर मी दोनदा विचारून घेतला. चुकीचं लिहिलं तर गुण कापले जातात, आणि चूक माझ्या नावावर नाही, सरांच्या कॉल साइनवर लागणार. मग जपान आलं, एकामागून एक, स्वच्छ, घाई न करणारे लोक. त्यांच्यावर माझा हात बसला. लॉगच्या लॅपटॉपवर ऑपरेटर म्हणून तरुणाचंच कॉल साइन लावलेलं होतं. ते बदलून माझं लावावं असं एकदा मनात आलं. चार सेकंदांचं काम. पण समोर माणसं रांगेत उभी, आणि मी म्हटलं, नंतर करू.

दुपारी सासूबाई वर आल्या. त्यांना मी आत्या म्हणते. खाली भात झोडणीची तयारी चालली होती, ती सोडून त्या फडक्यात भाकरी आणि ठेचा बांधून टेकाड चढून आल्या होत्या. माझ्या लग्नाला तेव्हा चौदा वर्षं झाली होती. आत्यांनी माझ्यासाठी भाकरी आणली असं तोवर कधी झालं नव्हतं.

जरा वेळ त्या माझ्या हाताकडे पाहत बसल्या. "कुनाशी बोलतीयास?"

मी एका कानावरचा हेडफोन सरकवला. "आत्ता जर्मनी."

"काय म्हंतोय त्यो?"

"त्याचा नंबर सांगतोय. मी माझा सांगते."

"आन् मग?"

"मग दुसरा येतो."

"आगं, ख्यालीखुशाली तरी इचारायची!" त्यांनी तोंडाला पदर लावला. पण उठल्या नाहीत. मी डाव्या हाताने खात होते, उजव्याने पाठवत होते. तासाभराने खाली जाताना म्हणाल्या, "लई चलाख हात हाय तुजा. मला ठावं नव्हतं."

चारच्या सुमाराला गाडीचा आवाज आला. सहा तास झाले होते. लघवीलाही उठले नव्हते. तरुण गाडीतच पडून होता, हात बँडेजात, डोळ्यांवर इंजेक्शनची गुंगी. सर तंबूत आले आणि माझ्यामागे उभे राहून लॅपटॉपकडे पाहू लागले. ते गेले तेव्हाच्या आकड्यात चारशेच्या वर भर पडली होती. मी हेडफोन काढून वळले. मला वाटलं आता काहीतरी बोलतील. चिडतील, निदान सेट बंद केला नाही म्हणून तरी.

"चहा मिळेल का, ताई?" सर म्हणाले, आणि मी उठताच माझ्या खुर्चीवर बसले.

मी चहा करायला खाली गेले.

काही महिन्यांनी निकाल लागला. टीमच्या गटात आपण देशात पहिले, असा सरांचा निरोप आला, सोबत हसरे चेहरे आणि ढोल. पुण्यात हॅम मंडळींचा, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांचा, छोटा कार्यक्रम ठरला. सर म्हणाले, घरच्यांना घेऊन या. मिस्टर उरवड्याच्या कारखान्यात शिफ्टला असतात, त्यांनी रजा टाकली. मी नवी साडी नेसले.

हॉलमध्ये स्टेजवर सन्मानचिन्ह ठेवलं होतं. कार्यक्रमाआधी मी जवळ जाऊन वाचलं. वर सरांचं कॉल साइन मोठं. खाली 'ऑपरेटर' म्हणून दोन कॉल साइन, सरांचं आणि तरुणाचं. त्याखाली बारीक अक्षरांत, 'यजमान: माले येथील शेतकरी कुटुंब.'

मला वाटलं चूक झाली असेल. मी मोबाइलवर स्पर्धेचा निकाल उघडला. तिथेही दोनच. म्हणजे लॉग पाठवतानाच दोन लिहिले होते.

मी खुर्चीवर येऊन बसले. सरांचं भाषण सुरू झालं. कातळ, शांतता, गांधीलमाश्या, सगळं आलं. "माझा गडी जायबंदी झाला, तरी आम्ही हार मानली नाही," असं म्हणाले. मग हात माझ्याकडे. "आणि या आमच्या अन्नपूर्णा! यांच्या पिठल्याशिवाय हे जमलंच नसतं." लोक हसले, टाळ्या वाजल्या. मला वर बोलावलं. शाल, नारळ. मी खाली वाकून दोन्ही घेतलं. माइक एका हातावर होता.

परतताना भूगाव आल्यावर मिस्टर म्हणाले, "तू बोलायचंस की तितं. माइक व्हता म्होरं."

"तुम्ही टाळ्या वाजवत होतात."

"समदेच वाजवत हुते."



दुसऱ्या दिवशी मी सरांना फोन केला. आवाज चढू द्यायचा नाही असं ठरवून. "सर, लॉगमध्ये माझं कॉल साइन नाही."

"हो, अहो, लॅपटॉपवर दोनच नावं आली होती, तीच गेली."

"तुम्ही पाहिलं होतं कोण बसलं होतं ते."

"ताई, स्पष्ट बोलू का? मोर्सच्या लोकांत तुम्हाला कुणी ओळखत नाही. एवढे संपर्क एका नवख्या बाईने केले म्हटलं असतं तर लोकांनी शंका घेतली असती. आपल्या सगळ्यांवरच. आणि टीम म्हणजे टीम. कुणी काय केलं हे मोजायचं नसतं."

"मग तुमची दोन नावं कशाला घातली?"

"तुम्ही आज रागात आहात," ते म्हणाले. "नंतर बोलू."

तो तरुण मात्र घरी आला, पंधरा दिवसांनी, बायकोला घेऊन. ओट्यावर बसला, मान वर करेना. लॉग त्यानेच पाठवला होता. "सरांना विचारलं होतं मी, ताईंचं घालू का. ते म्हणाले राहू दे. मी राहू दिलं." त्याने आयोजकांना दुरुस्तीसाठी पत्र पाठवलं होतं. त्यांचं उत्तर मोबाइलवर दाखवलं: निकाल अंतिम आहे, बदल होणार नाही. ते वाचून मी मोबाइल परत दिला. मी चहा केला, त्याच्या बायकोला हळदीकुंकू लावलं. जाताना त्याचा चेहरा मोकळा झालेला दिसला. त्याचं काम झालं होतं. माझं तसंच राहिलं.

पुढच्या मोसमात, दिवाळीच्या आधी, सरांचा फोन आला, नेहमीच्याच आवाजात. "ताई, शुक्रवारी येतोय खांब उभा करायला."

"टेकाड मिळणार नाही, सर."

"एवढ्यावरून?"

"एवढ्यावरूनच."

"मी तुम्हाला शिकवलं, ताई," सर म्हणाले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज दुखावल्यासारखा वाटला, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. मी म्हटलं, "हो, शिकवलंत." आणि फोन ठेवला. त्यांनी दिलेला सेट मी खोक्यात घालून एसटीने पुण्याला पोचवला. वर्षभर रेडिओशिवाय काढलं. मग पगारातून वाचवून जुनाच, लहान सेट घेतला.

त्यांनी कोळवणला कुणाचं तरी फार्महाऊस गाठलं. तरुण त्यांच्यासोबतच आहे. मला त्याचं नवल वाटलं नाही. एकट्याने एवढा मोठा खांब उभा राहत नाही, आणि त्याला जिंकायला आवडतं. मलाही आवडायचं.

मागच्या नोव्हेंबरात मी एकटी मोर्सच्या स्पर्धेला बसले. टेकाडावर एकच वायर, दोन बांबूंवर ताणलेली. माझं कॉल साइन मी प्रथमच स्पर्धेत पाठवलं. लोक ऐकायचे, पण अर्धं. नाव पुन्हा सांगा, पुन्हा सांगा. कोळवणहून सरांचा सिग्नल मधली डोंगराची सोंड ओलांडून इतका जोरात यायचा की माझं बारीकसारीक सगळं त्याखाली बुडायचं. दोन दिवसांत माझे एकशे तीस संपर्क झाले असतील. आनंद व्हायला हवा होता. मी तो शोधत बसले होते. दर वेळी कुणी उत्तर दिलं की मनात यायचं, हे नाव त्या दिवशी लॅपटॉपवर का नाही लावलं, चार सेकंद तर लागली असती.

रविवारी दुपारी आत्यांनी खालून हाक दिली, "आगं, झोडनीला मानसं कमी हायेत. येतीयास का बसतीयास?"

स्पर्धा संपायला अजून पंधरा तास होते. मी सेट बंद केला, बॅटरीची वायर काढली आणि खळ्याकडे उतरले.