प्लस टेन, रायझिंग

"सव्वीस सेकंद." मिलिंद भावजींनी शेवटचा पत्ता टाकला आणि मोबाईल माझ्यापुढे सरकवला. "वहिनी, आता तरी घ्या टीममध्ये."

पत्त्यांचा अख्खा कॅट सव्वीस सेकंदांत मोजून झाला होता, तोही बिनचूक. शुक्रवारची दुपार, कतारमधल्या अल वक्र्यातला आमचा हॉल. भावजी माझ्या नवऱ्याचे, अभयचे सहकारी. मेसईदच्या गॅस प्लांटमध्ये चौदा वर्षं कंट्रोल रूममध्ये. त्यांचा राजीनामा ड्राफ्टमध्ये तयार होता, रविवारी पाठवायचा होता. शेजारी त्यांची बायको सुजाता मटार सोलत होती. मुलीची शाळा, कंपनीचं घर, तिघांचा व्हिसा, सगळं त्या ड्राफ्टला टांगलेलं होतं, आणि ती घाबरली होती.

माझा धंदा कॅसिनोत ब्लॅकजॅकचे पत्ते मोजण्याचा. कतारमध्ये कॅसिनो नाहीत, जुगार बंद. इथे मी फक्त राहते, कामाला विमानाने जाते. लोकांना वाटतं आम्ही पत्ते पाठ करतो. तसं काही नसतं. दुर्री ते छक्की पडली की एक मिळवायचा. दश्शी, चित्र किंवा एक्का पडला की एक वजा. सत्ती, अठ्ठी, नव्वी सोडून द्यायची. डोक्यात एकच आकडा. तो चढला म्हणजे मोठे पत्ते अजून उरलेत, पारडं आपल्याकडे झुकलंय. तेव्हाच बेट वाढवायची. यात लबाडी नाही, पण ओळखलं की कॅसिनोवाले गोड बोलून दार दाखवतात.

"एवढं कोणालाही येतं, भावजी," मी म्हटलं.

ते जरा दुखावले. "मग अवघड काय आहे?"

"बाकीचं सगळं. अभय, सहा कॅट काढ."

अभय डीलर झाला. मी झाले कॅसिनोत टेबलांवर नजर ठेवणारी साहेबीण. कुकर लावला, मुलांच्या टीव्हीचा आवाज वाढवला आणि भावजींना प्रश्न विचारायला लागले. गाव कुठलं, फ्लाइट कधी, जेवण कसं वाटलं. भावजी हसतखेळत उत्तरं देत होते आणि आकडाही सांभाळत होते. खरं सांगते, मला माणूस आवडला. टीमला चौथा हवाच होता.

मग ओळीने छोटे पत्ते पडले. भावजी खुर्चीत ताठ झाले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "प्लस टेन, रायझिंग."

टीव्हीसमोरची मुलंसुद्धा वळून बघायला लागली.

कंट्रोल रूमची ती शिस्तच आहे. पॅनेलवरचा आकडा मर्यादेपुढे चढू लागला की ज्याला दिसेल त्याने मोठ्याने सांगायचं. परत डाव मांडला, परत दहाला तेच. तिसऱ्यांदा त्यांनी ओठ घट्ट मिटले, तर हात आपोआप अलार्मचं बटण दाबायला हवेत गेला.

"खलास," मी म्हटलं. "कॉफी यायच्या आत तुम्हाला बाहेर काढलं असतं."

"सवय आहे वहिनी. जाईल."

"जाऊ देऊ नका. अभय तुमच्याच शिफ्टला असतो."

भावजींनी पत्त्यांकडे बोट केलं. मग म्हणाले, "आकडा तरी बरोबर होता ना? बारा?"

"अकरा," सुजाता म्हणाली. मान खालीच, हातात शेंग. "तुम्ही हात वर केलात तेव्हा एक राजा पडला."

अभयने पडलेले पत्ते मोजले. अकराच. आणि ही बाई मघापासून मला स्कूल बसच्या तक्रारी सांगत होती.

"तुला कसं गं?"

"सहा महिने घरात हेच चाललंय, ताई. कानावर पडून पडून येतं."

"आणि तीन कॅट उरलेत, म्हणजे?" उरलेल्या कॅटने भागल्याशिवाय आकड्याला अर्थ नसतो.

"चाराला जरा कमी."

भावजींनी ड्राफ्ट उडवला. सुजाता टीममध्ये आली. पहिल्या दौऱ्यात सलग तीन दिवस हरली आणि चौथ्या दिवशी अगदी तशीच खेळली, न चिडता, न घाई करता. हे मला कुणाला शिकवता आलेलं नाही. मोजता सगळ्यांनाच येतं. मोजलेलं पोटात ठेवता आलं पाहिजे.

आम्हाला विमानतळावर सोडायला भावजीच येतात. गाडीतून सामान काढतात, मोजतात, आणि सगळ्या पार्किंगला ऐकू जाईल असा आकडा सांगतात.