नळाच्या पहिल्या धारेचं पाणी

नळाला पाणी शुद्ध करायच्या टीसीएल पावडरचा उग्र वास आला की धुळ्याच्या घरातला आमचा केशरी मासा आठवतो. अंगावर पांढरे ठिपके येऊन तो काचेच्या बरणीत कलंडला होता. वडील रोज पाण्यात चिमूटभर खडेमीठ विरघळवायचे, आणि तो पुन्हा थोडं थोडं पोहायला लागला होता. चार दिवसांनी नळ आला. आजारी जिवाला ताजं पाणी मिळावं म्हणून, आईचे हंडे लागायच्या आत, मी जुनं पाणी ओतून पहिल्या धारेखाली बरणी भरली. तासाभरात तो उलटा तरंगला. वडील बरणीपाशी येऊन बसले. म्हणाले, “मनाकडथून मीठ जास्त पडी गयं, बेटा.” त्या पावडरनं मासे मरतात, हे मला कॉलेजात कळलं. वडील तेव्हा हयात होते. मी हे त्यांच्याजवळ बोलले नाही.