अंतोनचा पहिला पोहरा

प्रार्थनेची वेळ नसताना पापडीच्या चर्चची घंटा संथ, थांबून थांबून वाजू लागली, तेव्हा मी केळीला पाणी लावत होतो. अशी घंटा कोणासाठी ते विचारावं लागत नाही, बांधावरून कोणीतरी सांगायला येतंच. अंतोन गेला... त्याला महिना उलटला. ज्या पक्षासाठी त्याने उभं आयुष्य घातलं, त्याचा एकही मोठा माणूस अजून त्याच्या दारी फिरकलेला नाही. फिरकेल अशी आशाही मी सोडली आहे.

आमची वाडी त्याच्या वाडीला लागून. ‘कसेल त्याची जमीन’ हे तो भिंतींवर गेरूने लिहायचा आणि मी शिडी धरायचो. त्या घोषणेवर गावाने आम्हाला भरभरून मतं दिली, कुळांना जमिनी मिळाल्या, आणि पुढच्याच खेपेला आम्ही आपटलो. मग मुंबईहून नेते आले. लोक कृतघ्न झाले, असं त्यांचं निदान. अंतोन उठून म्हणाला, “साहेब, लोक तेच आहेत. पण आता ते कूळ नाहीत, मालक झालेत. त्यांच्या वाडीत दुसरेच मजूर राबतात. आपण ‘कसेल त्याची’ म्हटलं की पहिली धडकी त्यांनाच भरते.” साहेब हसले. “मग काय म्हणायचं?” अंतोन म्हणाला, “आधी ऐकायचं. गावात सगळे एकच बोलतात, विहिरी खाऱ्या होतायत.”

ते त्याच्याइतकं कोणाला कळणार! रोज सकाळी विहिरीतून पहिला पोहरा ओढायचा, ओंजळभर पाणी तोंडात घोळवून गिळायचा आणि कुंपणापलीकडून मला सांगायचा, “दत्तू, कालच्यापेक्षा जड आहे रे.” रहाट जाऊन पंप आले, पंपामागून नव्या इमारतींना पाणी नेणारे टँकर आले, आणि गोड्या पाण्याच्या जागी खाडी आत सरकत होती.

बुडत्याला काडीचा आधार, म्हणून पुढच्या निवडणुकीत पक्षाने त्याचं ऐकलं. ‘गोडं पाणी राखा, टँकर थांबवा’ असं त्याने भिंतींवर लिहिलं. आम्ही दारोदार बसलो. सगळ्यांनी चहा दिला, माना डोलावल्या. फक्त रेमेतीन मावशी स्पष्ट बोलली. नव्या स्लॅबखाली उभी राहून म्हणाली, “अंतोन, पोरा, पाणी खारं झालं हे मीच तुला सांगितलं. पण टँकरवाल्याला पाणी मीच देते. त्याच पैशात हा स्लॅब पडला. आता भिंतीवर तू माझंच नाव लिहिलंस की!”

आणि हे घरोघरचंच होतं. ज्याने त्याने शेजाऱ्याच्या पंपाला नावं ठेवली आणि आपला सुरू ठेवला. माझाही सुरूच होता. त्या वेळी आमचं डिपॉझिट गेलं. साहेबांनी ठपका ठेवला तो अंतोनवर. रागाने माझं डोकं फिरलं, पण तो शांत होता. एवढंच म्हणाला, “दत्तू, लोक नुसते कुरकुरत होते रे. मला वाटलं, मागतायत.” पुन्हा जुनीच घोषणा आली. ती त्याने लिहिलीही, पण पहिल्यासारखी मन लावून नाही.

परवा त्याच्या घरी गेलो. फिलोमेना वहिनींनी चहा टाकला, दूध फाटलं. पुन्हा टाकला, पुन्हा फाटलं. ओशाळून म्हणाल्या, “पाणी पंपाचं नाही हो, पोहऱ्याचं आहे. सकाळचा पहिला अजून काढून ठेवते मी. चाखायला कोणी नाही...” आणि तांब्या माझ्यापुढे सरकवला. मी ओंजळीत घेऊन पाणी तोंडात घोळवलं. इतकं खारं, की गिळवत नव्हतं.

“कसं आहे?” त्यांनी विचारलं.

अंतोनने खरं सांगितलं असतं. खरं सांगून त्याचं काय झालं, ते मी पाहिलं आहे.

“गोड आहे, वहिनी,” मी म्हणालो.

“हो ना?” त्या म्हणाल्या. त्यांचा चेहरा जरा खुलला, आणि तो फाटलेला चहा आम्ही दोघांनी पिऊन टाकला.