बनाबाईंचं सोनं आणि तात्यांची घोंगडी

बनाबाईंचं वर्षभराचं सोनं मी पाव तासात वाहवून दिलं. यंत्राला दोष द्यायची सोय नव्हती, कारण यंत्रही मीच बनवलं होतं.

बनाबाई झारेकरीण. बारामतीतल्या एका सराफाकडची झाडलोटीची माती वर्षाच्या बोलीवर घेतात आणि जळोचीत आमच्या शेजारी, घरामागं लाकडी परातीत धुतात. परात पाण्यात गोल फिरवायची, हलकी माती काठावरून जाऊ द्यायची. तळाशी काळसर रेघ उरते, तिच्यात सोन्याचा कीस. चाळीस वर्षांत बाईंचं मनगट गेलं. यंदा नात स्वरालीचं लग्न, आणि मंगळसूत्राच्या वाट्या आपल्याच मातीतल्या सोन्याच्या करणार, असा त्यांचा शब्द. लग्नाला वीस दिवस, आणि चार घमेली माती तशीच पडलेली.

मी एमआयडीसीत फॅब्रिकेशनला, म्हणजे गल्लीपुरता इंजिनियर. चार इंची पाइप उभा चिरला, आत आडव्या पट्ट्या रिव्हेट केल्या. पट्ट्यांमागं जड सोनं अडणार, माती पुढं जाणार. कूलरचा पंप बारका वाटला, म्हणून बोअरची लाइन जोडली.

"येवढा जोर कशाला रं? सोन्याला काय गावाला जायचंय?" बाई म्हणाल्या.

मी हसलो. सोनं गेलं.

चौथं घमेलं संपलं तेव्हा पाइप लख्ख होता. बाईंनी पट्ट्यांवरून बोट फिरवलं, बोटाकडं पाहिलं. "झ्याक धुतलास."

तेवढ्यात खालच्या अंगाला राहणारे सावळारामतात्या ओरडले. आमचं पाणी ज्या चारीतून खाली जातं, तिच्यातच दगड ठेवून त्यांनी घोंगडी भिजत घातली होती. "आरं, चिखलानं भरली की माजी घोंगडी! कुणी सोडलं हे पाणी?"

बाई तिथं गेल्या. घोंगडीचा काठ उन्हात तिरपा धरून बराच वेळ बघत राहिल्या.

"तात्या, ही जाळावी लागंल."

"का? मी मेलो न्हाय अजून."

"लोकरीत कीस गुतलाय. झटकून निघायचा न्हाय. सराफाचं जुनं बसकरबी आमी जाळूनच सोनं काढतो."

"आन थंडीत मी काय तुजी परात पांघरू?"

"ह्यो दील की." बाईंचं बोट माझ्याकडं.

तात्यांनी घोंगडी चाचपली. "पोरीच्या वाट्या व्हय? मग घ्या. पर ह्यानं मशीनवरची आणली, तर मी घ्यायचो न्हाय. हातमागाचीच पायजे."

घोंगडी वाळायला तीन दिवस गेले. जळताना आख्ख्या गल्लीनं नाक दाबलं. राख परातीतच धुतली; एक काठ बाईंच्या हातात, एक माझ्या. दर फेऱ्याला "हळू" ऐकत होतो. शेवटी रेघ उरली. पाऱ्यानं वेचून मुशीत वितळवली, तेव्हा हरभऱ्याच्या डाळीएवढं सोनं निघालं. वाट्या बारीक झाल्या, पण झाल्या.

आता माझ्या पाइपात पट्ट्यांऐवजी लोकरीचा तुकडा आहे आणि पंप कूलरचा. हा शोध माझा, असं मी सांगतो. तात्या मात्र लग्नापासून ज्याला त्याला सांगतात, "स्वरालीच्या गळ्यात माजी घोंगडी हाय."

हातमागावर विणणारा शोधत मी कळंबपर्यंत जाऊन आलो. तिथला विणकर म्हातारा मुलाकडं गेलाय, कधी येईल ते घरच्यांनाही माहीत नाही. थंडी सुरू झाली आहे. तात्यांच्या दारापुढून मी सध्या मोटारसायकल बंद करून ढकलत नेतो.